पाचारण आणि सोडलेला अधिकार : जामखेडचा अनुभव, लातूरचा प्रश्न

मराठी ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात 'पाचारण' हा शब्द वारंवार येतो. पाचारणे म्हणजे नाव घेऊन बोलावणे. मंडळीच्या परिभाषेत त्याचा अर्थ असा की, परमेश्वर एखाद्या व्यक्तीला विशिष्ट कामासाठी हाक देतो आणि त्या हाकेला होकार देणे किंवा न देणे ही त्या व्यक्तीच्या श्रद्धेची परीक्षा ठरते. व्यवहारात हा शब्द पाळक, प्रचारक, धर्मभगिनी यांच्यापुरताच राखून ठेवला गेला असला, तरी सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेपासून चालत आलेली शिकवण अशी आहे की, शिक्षक, परिचारिका, शेतकरी किंवा कारागीर यांचे कामही पाचारणच असते. याच्या जोडीचा दुसरा शब्द 'मिशन'. लॅटिन भाषेतील पाठवणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला असून पाठवलेल्याने आपली जागा सोडून दुसऱ्याच्या दारी जावे, असा त्याचा गाभा आहे. मराठी मुलखात मात्र या शब्दाचे रूप बदलले. मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा, मिशन कंपाउंड असे शब्दप्रयोग रूढ झाले आणि जाण्याची क्रिया सांगणारा शब्द कुंपण घातलेल्या जागेचे नाव होऊन बसला. तिसरी संज्ञा 'डायकोनिया' ही ग्रीक भाषेतील असून पंक्तीत वाढणाऱ्या, हुकूम न सोडता हुकूम ऐकणाऱ्या सेवकाचे काम असा तिचा मूळ अर्थ आहे. या तीन शब्दांना एकत्र बांधणारा एक अनुभव मराठवाड्याच्या सीमेवर, जामखेड येथे, गेल्या अर्धशतकात आकाराला आला. त्या अनुभवाचा आशय असा की, पाचारणाला दिलेल्या उत्तराचे मोल सेवकाने काय दिले यापेक्षा त्याने कोणता अधिकार सोडला यावरून ठरते.

लातूर आणि जामखेड ही दोन्ही ठिकाणे बालाघाटच्या डोंगररांगेशी आणि तिच्या पठाराशी जोडलेली आहेत. दोन्हीकडे पाऊस बेभरवशाचा, शेती मुख्यतः कोरडवाहू आणि ऊसतोडीसाठी किंवा मजुरीसाठी गाव सोडण्याची पाळी अनेक कुटुंबांवर नित्याची. राजकीय इतिहास मात्र वेगळा. जामखेडचा तालुका तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येतो, तर लातूरचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९८२ साली उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन त्याचा जिल्हा झाला. मराठवाड्यात ख्रिस्ती सेवाकार्य अगदीच नव्हते असे नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले होते, आणि १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबादच्या कॅथलिक धर्मप्रांतात लातूर व नांदेड हे प्रदेश समाविष्ट झाले. तरीही नगर जिल्ह्याच्या तुलनेत येथील मंडळ्या लहान, विखुरलेल्या आणि साधनांनी तोकड्या राहिल्या. म्हणूनच जामखेडचा अनुभव लातूरकरांसाठी केवळ शेजारच्या जिल्ह्याची गौरवकथा राहत नाही. थोड्या लोकांनी, थोड्या साधनांनी पाचारणाला उत्तर कसे द्यावे, हा येथील मंडळ्यांचा रोजचा प्रश्न आहे आणि जामखेडने त्यालाच हात घातला.

नगर जिल्ह्यातील सेवाकार्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला आपले ठाणे केले. तेथे मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सिंथिया फॅरार यांच्याकडे सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले, आणि पुढे शाळा, वसतिगृहे, दवाखाने यांचे जाळे या भागात विणले गेले. याच परंपरेतून एक वेगळा प्रवाहही निघाला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' या नावाने, परदेशी व्यवस्थेवर न विसंबणारी, भारतीय वळणाची भक्तांची मंडळी उभी करण्याचा प्रयत्न केला. पंडिता रमाबाई यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळाने निराधार झालेल्या स्त्रियांना आणि मुलींना आसरा दिला, तेव्हा त्यांना केवळ पोसण्यापेक्षा कामाचे शिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे करण्यावर त्यांचा भर होता. संस्था उभारणे आणि संस्थेचा आधार सोडून लोकांत मिसळणे, हे दोन्ही प्रवाह मराठी ख्रिस्ती जीवनात असे शेजारी शेजारी वाहत आले असून जामखेडमध्ये त्यांचा संगम झाला.

जामखेडचे काम उभे करणाऱ्या दांपत्यापैकी डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ साली नगर जिल्ह्यात, शिक्षकी पेशातील कुटुंबात झाला, डॉ. मेबल आरोळे यांचा जन्म १९३५ साली जबलपूरचा. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले. आयडा स्कडर या डॉक्टर मिशनरी स्त्रीच्या कामातून उभी राहिलेली ही संस्था केवळ कुशल डॉक्टर घडवून थांबत नाही, तर कौशल्य कोणासाठी वापरायचे हा प्रश्न विद्यार्थ्यांसमोर सतत ठेवते. १९६० साली विवाह करताना या दांपत्याने खेड्यातील उपेक्षितांसाठी आयुष्य देण्याची शपथ घेतली आणि त्यानंतर काही वर्षे नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम केले. तेथे त्यांना जे उमगले ते पुढच्या सर्व कामाचे मूळ ठरले. रुग्णालयात येणारे बहुसंख्य आजार टाळता येण्याजोगे होते. जुलाबाने सुकलेले मूल सलाइन लावून बरे करून घरी पाठवावे आणि काही आठवड्यांनी तेच मूल, त्याच दूषित पाण्यामुळे, पुन्हा त्याच खाटेवर यावे, असा क्रम चालू राही. उपचार निर्दोष असूनही गावाचे आरोग्य जागचे हलत नव्हते. रुग्णालयाच्या भिंतीआड कितीही कष्ट केले तरी आजाराचे मूळ भिंतीबाहेरच राहते, हे या दोघांनी कबूल केले. आणि स्वतःच्या निष्ठेने केलेल्या कामाबद्दल असे कबूल करणे सोपे नसते.

याच सुमारास जगभरच्या चर्चमध्येही हाच प्रश्न विचारला जात होता. १९६४ साली जर्मनीतील ट्युबिंगन येथे भरलेल्या बैठकीत वैद्यकीय मिशनच्या हेतूची नव्याने तपासणी झाली आणि आरोग्यदान हे केवळ डॉक्टरांचे काम नसून ते संपूर्ण मंडळीचे काम आहे, अशी भूमिका पुढे आली. १९६८ साली जागतिक चर्च परिषदेने ख्रिश्चन मेडिकल कमिशनची स्थापना केली. चर्चची बहुतेक साधने रुग्णालयांच्या इमारतींवर आणि तेथवर पोहोचू शकणाऱ्या थोड्या लोकांवर खर्च होत असून ज्यांच्यापर्यंत कोणीच पोहोचत नाही ते तसेच राहतात, हे या आयोगाने मंडळ्यांसमोर स्पष्टपणे मांडले. आरोळे दांपत्य त्या काळात अमेरिकेत उच्च प्रशिक्षण घेत होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा, म्हणजे एकेका रुग्णाऐवजी संपूर्ण लोकसमूहाच्या आरोग्याचा, अभ्यास केला. तेथेच स्थिरावण्याची वाट मोकळी असताना ते परतले. पण या परतण्यालाच त्यागाची परिसीमा मानणे चूक ठरेल, कारण खरा त्याग पुढे, जामखेडला पोहोचल्यावर सुरू झाला.

१९७० साली 'काँप्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट', म्हणजे सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प, जामखेडला सुरू झाला. गावातील जाणत्या मंडळींनी बोलावल्यावर आणि जागा देऊ केल्यावरच तेथे जाण्याचे या दांपत्याने ठरवले होते, आणि पहिला दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या, वापरात नसलेल्या दवाखान्यात. लवकरच १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला. गावांना औषधांआधी पाणी आणि अन्न हवे होते, म्हणून डॉक्टरांनी औषधांआधी पाण्याची आणि अन्नाची सोय हाती घेतली. गावोगावी सामुदायिक स्वयंपाकाची व्यवस्था झाली आणि वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र जेवू लागली. कूपनलिका खोदताना त्यांची जागा हेतुपूर्वक दलित वस्तीत निवडण्यात आली. ज्या वस्तीला गावच्या विहिरीवर पाण्यासाठी ताटकळत उभे राहावे लागे, त्याच वस्तीत सारे गाव घागरी घेऊन येऊ लागले. पाणी सर्वांनाच मिळाले. पण ते कोणाच्या अंगणातून मिळाले, यात या कामाचा धर्म होता. दुष्काळात जीव वाचवणे ही मदत होय आणि जीव वाचवताना माणसांमधले उच्चनीचतेचे गणित बदलणे ही सेवा होय, हा फरक येथे प्रथम स्पष्ट झाला.

सुरुवातीची आखणी मात्र चुकली होती, आणि त्या चुकीतून झालेला बोध या अनुभवाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. प्रशिक्षित परिचारिकांनी गावात राहून माता आणि बालकांची काळजी घ्यावी, अशी योजना होती. प्रत्यक्षात शहरी वळणाच्या शिक्षित तरुणीला खेड्यात एकटे राहणे अवघड गेले आणि गावातील बायकांनाही ती परकी वाटत राहिली. तिचे बोलणे, तिचा पोशाख, तिची घाई यांतून अंतरच वाढे. तेव्हा गावानेच आपल्यातील एखादी बाई निवडावी आणि तिलाच शिकवावे, असा विचार पुढे आला. निवडलेल्या बायका बहुधा निरक्षर, अनेक जणी दलित, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. गावाच्या उतरंडीत ज्यांचा शब्द सर्वांत खाली, त्यांच्या हाती गावाचे आरोग्य सोपवण्याचा हा निर्णय होता. 'ग्राम आरोग्य सेविका' या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या या स्त्रियांनी जामखेडच्या कामाला त्याचा खरा अर्थ दिला.

त्यांचे शिक्षण आठवड्यातून एकदा जामखेडला होत असे आणि त्यासाठी त्या मुक्कामी राहत. पहिला धडा पुस्तकातला नव्हता. वेगवेगळ्या जातींच्या या बायकांनी एकत्र रांधावे, एकत्र जेवावे, एका खोलीत एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपावे, अशी रीत ठेवली गेली. जन्मभर शिवाशीव पाळलेल्या बाईला शेजारणीचा श्वास ऐकत रात्र काढताना जे शिकायला मिळाले, ते कोणत्याही व्याख्यानाने शिकवता आले नसते. मग विषय येत ते रोजच्या जगण्यातले. बाळंतपणात नाळ विळ्याने किंवा दगडाने ठेचून तोडल्याने आणि तिला माती-शेण लावल्याने धनुर्वात होतो, म्हणून उकळलेले पाते आणि स्वच्छ दोरा वापरावा. बाळाला पहिला चीक पाजावा, तो टाकून देऊ नये. गरोदर बाईने बाळ मोठे होऊन अडेल या भीतीने उपाशी राहू नये. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडण्याऐवजी त्याला मीठ-साखरेचे पाणी पाजत राहावे. बाळाचे वजन नियमाने करावे, अंगावरील बधिर चट्टा लपवू नये. अक्षर न वाचणाऱ्या या स्त्रियांनी ही माहिती गाणी, गोष्टी आणि परस्परांना सांगण्याच्या सवयीतून आत्मसात केली आणि घरोघरी नेली.

येथे डॉक्टरांना जे सोडावे लागले त्याचा विचार व्हायला हवा. वैद्यकीय शिक्षणाने माणसाला ज्ञानाबरोबर ज्ञानाची मक्तेदारीही मिळते. निदान करण्याचा, सल्ला देण्याचा, लोकांकडून ऐकून घेतले जाण्याचा हक्क हा डॉक्टराच्या प्रतिष्ठेचा कणा असतो. पैसा देणे किंवा सुखसोयी नाकारणे त्यामानाने सोपे. कारण त्यागी म्हणून मिळणारा मान त्याची भरपाई करतो. आपल्याला येते ते निरक्षर बाईलाही येऊ शकते असे मान्य करणे, ते तिला मनापासून शिकवणे आणि मग तिच्या गावात तिचा शब्द आपल्या शब्दापेक्षा अधिक चालतो हे आनंदाने पाहणे, हे मात्र अवघड असते. ख्रिस्ती धर्मविचारात यासाठी 'केनोसिस' ही संज्ञा आहे. स्वतःला रिते करणे असा तिचा अर्थ असून प्रभू येशूने आपल्या थोरवीला चिकटून न राहता दासाचे रूप घेतले, या पौलाच्या फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील विचारातून ती आली आहे. अखेरच्या भोजनाच्या वेळी गुरूने शिष्यांचे पाय धुतल्याचा प्रसंग मंडळ्यांमध्ये दरवर्षी स्मरला जातो. त्या प्रसंगातील गुरू खाली बसलेला आहे, आणि ज्याचे पाय धुतले जात आहेत तो वर आहे. जामखेडमध्ये डॉक्टर असे खाली बसले.

या बदलाचे सार एका आरोग्य सेविकेनेच जगासमोर मांडले. मुक्ताबाई पोळ यांना १९८८ साली वॉशिंग्टन येथील आरोग्यविषयक परिषदेत बोलण्याची संधी मिळाली, तेव्हा त्यांनी सभागृहातील झुंबरांकडे निर्देश करून असा आशय सांगितला की, मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे असतात, सुंदर पण महाग आणि हाती न येणारे. गावातली बाई मात्र पणतीसारखी असते, स्वस्त, साधी, आणि एका पणतीने दुसरी पेटवता येणारी. शाळेची पायरी क्वचित चढलेल्या स्त्रीच्या तोंडून आलेला हा विचार म्हणजे पाचारणाचीच व्याख्या होती. हाक ज्यांना आली असे जग समजत होते ते डॉक्टर होते, पण त्यांनी आपली जागा मोकळी केली तेव्हा ती हाक गावातल्या बाईपर्यंत पोहोचली आणि तिने तिला उत्तर दिले.

परिणामांची नोंदही झाली आहे. बालमृत्युदर, म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी वर्ष पूर्ण होण्याआधी दगावणाऱ्यांची संख्या, प्रकल्पाच्या क्षेत्रात १९७१ साली १७६ होती, ती १९९० च्या दशकात तिसाच्या खाली आली. कुष्ठरुग्णांसाठी वेगळी वसाहत न काढता त्यांच्यावर इतर रुग्णांबरोबरच उपचार झाले. तरुण शेतकऱ्यांची मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली, झाडे लागली, पाणी अडवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या 'हेल्थ बाय द पीपल' या ग्रंथात जामखेडच्या कामाचा समावेश होता, आणि १९७८ साली अल्मा-आता येथील परिषदेने 'प्राथमिक आरोग्य सेवा', म्हणजे लोकांच्या दाराशी, त्यांच्या सहभागाने आणि त्यांना परवडेल अशी मूलभूत सेवा, हे धोरण जाहीर केले, तेव्हा अशा प्रयोगांचा अनुभव तिच्या पाठीशी होता. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल आरोळे १९९९ साली आणि रजनीकांत आरोळे २०११ साली निवर्तले. काम मात्र थांबले नाही, कारण ते दोन माणसांच्या हाती कधीच बांधून ठेवलेले नव्हते.

ख्रिस्ती सेवाकार्याचा विचार करताना धर्मांतराचा प्रश्न टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेवेचा उपयोग आमिषासारखा केला जातो, हा आक्षेप भारतात जुना आहे, आणि तो प्रत्येक वेळी निराधारच होता असे मंडळ्यांनीही म्हणू नये. जे मोल न देता हाती आले त्याचे मोल घेऊ नये, ही शिष्यांना दिलेली शिकवण आहे. श्रद्धाबदल हेही मोलच होय, आणि सेवेच्या बदल्यात त्याची अपेक्षा धरली की सेवा सौदा बनते. आरोळे दांपत्याने आपली श्रद्धा कधी लपवली नाही, आणि रुग्णाला किंवा सेविकेला तिच्या श्रद्धेबद्दल किंमत मोजावी लागली नाही. गावोगावच्या सेविका आपापल्या देवाधर्मात राहून हे काम करत राहिल्या. साक्ष द्यायची ती कामातून, आणि तिचा अर्थ काय लावायचा हे पाहणाऱ्यावर सोडायचे, ही रीत येथे पाळली गेली. अधिकार सोडण्याचाच हा एक प्रकार आहे, कारण समोरच्याच्या अंतःकरणावरील हक्क हा सेवकाला सर्वांत मोहात पाडणारा हक्क असतो.

या कसोटीवर लातूरचा स्वतःचा अनुभवही पारखता येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मृत्यू पावली. देशभरातून आणि परदेशातून मदत आली. प्रोटेस्टंट व ऑर्थोडॉक्स मंडळ्यांची 'कासा' आणि कॅथलिक चर्चची 'कारितास इंडिया' या संस्थाही इतर असंख्य संस्थांबरोबर त्यात होत्या. त्या दिवसांत ढिगारे उपसणारे, प्रेतांना अग्नी देणारे, पोरक्या मुलांना पोटाशी धरणारे हात कोणत्या धर्माचे होते हे कोणी विचारले नाही, आणि ती उदारता खरी होती. पुढे पुनर्वसनाच्या काळात देणगीदारांनी गावे 'दत्तक' घेतली. हा शब्द प्रेमाने वापरला गेला, तरी त्यात एक अर्थ दडलेला आहे: दत्तक घेणारा पालक होतो आणि गाव लेकरू. अनेक गावे मूळ जागेपासून दूर, सरळ रेषेतील रस्त्यांवर, सिमेंटच्या घरांची वसली. घरे भक्कम झाली. पण वाडा, ओसरी, गुरांचा गोठा आणि भावकीची आळी यांभोवती विणलेले जगणे त्या आखणीत पुरेसे उतरले नाही, कारण आखणी करताना गावाला विचारण्याची सवय देणाऱ्यांना नव्हती.

त्याच पुनर्वसनाच्या दुसऱ्या टप्प्यात मात्र वेगळी वाटही दिसली. ज्या गावांतील घरे पूर्ण पडली नव्हती, तेथे लोकांनी स्वतः घरे दुरुस्त करून मजबूत करावीत, अशी योजना आली तेव्हा 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावातील महिलांची 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमणूक झाली. सरकार आणि गाव यांच्यामध्ये दुवा बनलेल्या या स्त्रियांनी भूकंपाला टिकणारे बांधकाम म्हणजे काय हे समजून घेतले, ते शेजारणींना समजावले आणि कामावर देखरेख केली. ही संस्था ख्रिस्ती नव्हती आणि जामखेडची शाखाही नव्हती. तरीही ज्या स्त्रीला कोणी विचारत नव्हते तिच्या हाती ज्ञान आणि जबाबदारी देण्याची तीच रीत येथे पुन्हा फळाला आली. सेवेचे हे तत्त्व कोणत्याही एका धर्माची मालमत्ता नाही, आणि मंडळ्यांनी त्याचे स्वागत नम्रतेने केले पाहिजे.

या अनुभवाला एक सावधगिरीची जोड द्यावी लागते. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' स्वयंसेविका गावोगाव आल्या, आणि त्यांच्या कामात जामखेडच्या सेविकांशी असलेले नाते सहज ओळखू येते. मात्र पुरेशा मोबदल्यासाठी महाराष्ट्रातील आशांना वेळोवेळी आंदोलन करावे लागले आहे. गरीब बाईच्या सेवाभावाचे कौतुक करून तिच्या श्रमाचे दाम बुडवणे हा पाचारणाचा विपर्यास होय. सोडण्याची हाक ज्यांच्याकडे सोडण्यासारखे काही आहे त्यांना आधी येते. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्याकडून त्याग मागणे हा धर्म नव्हे. तसेच तातडीच्या मदतीला कमी लेखणेही योग्य ठरणार नाही. २०१६ च्या एप्रिलात तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा त्या पाण्याची गरज वादातीत होती. ज्या मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उभारले, त्या गावाने अशा रीतीने पुन्हा एकदा परक्यांची तहान आपली मानली. पण गाडी निघून गेल्यावर पाण्याचा ताळेबंद कोण मांडणार, कोणती विहीर कोणत्या वस्तीत खोदली जाणार, हा प्रश्न उरतोच, आणि सेवेचे काम तेथून सुरू होते.

आज लातूरची ओळख शिक्षणाच्या 'लातूर पॅटर्न'मुळे आहे. मराठवाड्यातील आणि मराठवाड्याबाहेरील हजारो मुले-मुली वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी या शहरात खोल्या घेऊन राहतात, आणि त्यांतील अनेक जण डॉक्टर होतात. ज्या शहरातून इतके डॉक्टर निघतात, त्या शहरातील मंडळ्यांना पाचारण शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. उपासनेला येणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला पाळकाने, शिक्षकाने किंवा आईवडिलांनी इतके विचारले तरी पुरे आहे की, जे शिकशील ते कोणाला शिकवशील? कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणारी, बाळाचे वजन लिहिणारी, पावसाचे पाणी मोजणारी एकेक बाई औसा, निलंगा, अहमदपूर, देगलूर, किनवट या तालुक्यांतल्या गावांत उभी राहावी, यासाठी इमारत लागत नाही, परदेशी निधी लागत नाही आणि मोठी मंडळीही लागत नाही. आपल्या ज्ञानाची मक्तेदारी सोडायला तयार असलेला एक माणूस लागतो, आणि त्याने बाईला तिच्या गावी तिच्या शब्दाचा मान मिळेपर्यंत तिच्यासोबत खाली बसावे लागते. पाचारण ऐकू येत नाही अशी तक्रार करणाऱ्या प्रत्येक मंडळीने आपल्या कुंपणाचे फाटक उघडून शेजारच्या वस्तीत आधी जावे, आणि बोलण्याआधी तेथील बाईचे ऐकावे.